अठरा मिनिटांचं भाषण, तीन कॅमेऱ्यांचं पॅकेज

दादर, पार्ले, मुलुंड, बोरिवली... कुठेही चौकशी करा, भाषण शूट करून देणारा कुणीतरी सापडतोच. यातले बरेचसे मूळचे लग्नाचे व्हिडिओवाले. मुहूर्त नसलेल्या महिन्यांत तेच कॅमेरे आणि तीच माणसं व्याख्यानमाला, मंडळांचे कार्यक्रम, संस्थांचे वर्धापनदिन यांच्याकडे वळतात. कोटेशनंही एकमेकांवरून उतरवल्यासारखी असतात: वक्त्याला दोन बैठकांचं ‘कोचिंग’, तीन कॅमेरे, कॉलर माइक, मागे एलईडी वॉल, एडिट केलेला पूर्ण व्हिडिओ, पाच रील्स, आणि वर कुठेतरी ‘टेड-स्टाइल’ किंवा ‘व्हायरल’ हा शब्द. म्हणून हा रिव्ह्यू एका दुकानाचा नाही, त्या पॅकेजचाच आहे.

निकाल आधीच सांगतो. पॅकेज आहे तसं घेऊ नका, फोडून घ्या. आवाज आणि एडिट यांवर हात सैल सोडा. कॅमेरे दोन पुरेत, एलईडी वॉल काढून टाका. कोचिंग घ्यायचंच असेल तर संहितेवर घ्या. हातवारे शिकवणाऱ्याला पैसे देऊ नका. भाषण लोक पुढे पाठवतात ते त्यातल्या एखाद्या मुद्द्यासाठी, आणि तो मुद्दा ऐकू आला तरच. कोटेशनमधली निम्मीअधिक रक्कम मात्र दिसण्यावर खर्च होते.

‘टेड-स्टाइल’ म्हणजे नक्की काय विकतायत

टेड म्हणजे छोट्या भाषणांची अमेरिकी परिषद. पहिली १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात झाली. भाषणं इंटरनेटवर फुकट बघायला मिळू लागली ती २००६ पासून, आणि २००९ मध्ये टेडएक्स या नावाने गावोगावच्या स्थानिक कार्यक्रमांना परवाना मिळायला लागला. १८ मिनिटांची मर्यादा तिथूनच सगळीकडे पसरली. पण ती कमाल मर्यादा आहे, भरायचा कोटा नव्हे. स्वीडिश डॉक्टर आणि आकडेतज्ज्ञ हॅन्स रोसलिंग यांचं वॉशिंग मशीनवरचं २०१० चं भाषण जेमतेम नऊ-दहा मिनिटांचं आहे आणि त्यात काही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

इथे एक सावधगिरी. ‘अमुक पैसे भरा, टेडएक्सवर स्लॉट मिळवून देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. टेडएक्सच्या नियमांनुसार वक्त्याने बोलण्यासाठी पैसे द्यायचे नसतात आणि वक्त्याला मानधनही द्यायचं नसतं. परवान्याशिवाय ते नावसुद्धा लावता येत नाही. टेडच्या स्टेजवर असतो तसा लाल गोल गालिचा टाकायला अर्थातच कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून तो सगळीकडे दिसतो.

मराठीत निवांत, समजेल असं बोलायचं तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीचा मिनिटाला १३०-१४० शब्दांचा हिशेब इथे लावला की वक्ता धापा टाकतो. बारा मिनिटांचं भाषण म्हणजे सुमारे १,२५० शब्द. १४ पॉइंटमध्ये टाइप केलेली चार-सव्वाचार पानं. वक्ता नऊ पानं घेऊन आला तर ती स्टेजवर गुंडाळता येत नाहीत. शेवटच्या तीन मिनिटांत ‘वेळेअभावी एवढंच सांगतो’ सुरू होतं, आणि नेमका सांगायचा मुद्दा तिथेच असतो.

कोचिंग: अर्धं कामाचं, अर्धं भोंदूपणाचं

दोन बैठकांपैकी पहिली बहुधा ‘देहबोली’ची असते. तिच्यात हमखास एक आकडा फेकला जातो: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन छोट्या प्रयोगांचे. सुटे शब्द, ते उच्चारण्याचा सूर आणि चेहऱ्यांचे फोटो एवढ्यावरून माणसाला समोरच्याची भावना काय वाटते, इतकाच प्रश्न त्यात होता. भाषणाशी त्याचा संबंध नाही आणि मेहराबियन यांनी स्वतःही हे स्पष्ट केलं आहे. जरा तपासून बघा: जपानी वक्त्याचं भाषण आवाजासकट बघून ९३ टक्के कळतं का?

दुसरा ठरलेला माल म्हणजे ‘पॉवर पोझ’. स्टेजवर जाण्याआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहा, हार्मोन बदलतात, आत्मविश्वास वाढतो. मूळ अभ्यास २०१० चा, ४२ जणांवरचा. त्याच्या सहलेखिका एमी कडी यांचं त्यावरचं २०१२ चं भाषण टेडच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या भाषणांपैकी एक. २०१५ मध्ये २०० जणांवर तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा हार्मोनचा परिणाम दिसला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी हा परिणाम खरा आहे असं आता आपल्याला वाटत नाही, असं जाहीर केलं. पसरलेलं भाषण खरंच असेल असं नाही, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा मिळणार नाही. तरी दादरच्या वर्गांत कमरेवर हात ठेवायला लावतातच.

दुसरी बैठक संहितेची असेल तर ती जरूर घ्या, शक्य असेल तर एकाच्या जागी तीन घ्या. कामाचा प्रशिक्षक ओळखायचा कसा? तो आधी विचारतो, ‘ऐकणारा घरी जाऊन बायकोला एका वाक्यात काय सांगेल?’ ते वाक्य वक्त्याला सांगता येईपर्यंत पुढे सरकत नाही. ‘मी जलसंधारणावर बोलणार आहे’ हा विषय झाला. ‘सोसायटीच्या गच्चीवरचं पाणी गटारात सोडणं थांबवलं तर उन्हाळ्यातले टँकर निम्मे होतात’ हे वाक्य झालं. ते खरं आहे की नाही हे तपासता येतं, त्यावर वाद घालता येतो आणि म्हणूनच ते पुढे पाठवता येतं.

मुंबईत याचं सर्वांत मोठं उदाहरण गवालिया टँकचं. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गांधीजी तिथे बराच वेळ बोलले. त्यातला देशभर पोचला तो ‘करेंगे या मरेंगे’ एवढाच तुकडा, आणि तो चुकून पोचलेला नाही. एक छोटासा मंत्र देतो, तो हृदयावर कोरून ठेवा, असं म्हणून त्यांनी तो स्वतःच वेगळा काढून दिला होता. भाषणात असं वाक्य मुद्दाम ठेवावं लागतं, त्याच्या आधी थांबावं लागतं, आणि नंतरही. एडिटरलाही नेमकी तीच जागा हवी असते.

कोणता मजकूर पुढे पाठवला जातो यावर जोना बर्गर आणि कॅथरीन मिल्कमन या अमेरिकी संशोधकांचा २०१२ चा अभ्यास आहे. न्यूयॉर्क टाइम्सचे जवळजवळ सात हजार लेख त्यांनी तपासले. विस्मय, संताप, धास्ती यांनी माणूस ढवळून निघतो आणि लेख पाठवतो. नुसत्या दुःखाने तो मलूल होतो आणि पाठवायचं प्रमाण उतरतं. अभ्यास लेखांचा आहे, भाषणांचा नाही, पण प्रशिक्षकाला एक प्रश्न विचारायला पुरेसा आहे: या बारा मिनिटांत प्रेक्षकाची भुवई कुठे उंचावणार? सामाजिक कामावरची आपली बरीच भाषणं हलाखीचं वर्णन करत राहतात. लोक हळहळतात, टाळ्या देतात, आणि व्हिडिओ पाठवत नाहीत.

आकड्यांचंही तसंच. ‘२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला’ हे वाक्य मुंबईकराला पाठ आहे, आणि पाठ असल्यामुळेच ते आता काही सांगत नाही. ९४४ मिलिमीटर म्हणजे जेवणाच्या टेबलापेक्षा वीतभर उंच पाणी, तेही वाहून न येता नुसतं वरून एका दिवसात पडलेलं. वक्त्याने टेबलाशी उभं राहून हाताने ती उंची दाखवली की स्लाइडची गरजच उरत नाही. रोसलिंग यांनी स्टेजवर खरं वॉशिंग मशीन आणलं होतं, आणि मेंदूशास्त्रज्ञ जिल बोल्ट टेलर यांनी २००८ मध्ये खरा मानवी मेंदू हातात धरला होता. वस्तू एकच असावी, शेवटच्या रांगेतून दिसावी आणि बोलताना तिचं काम संपलं की बाजूला ठेवता यावी.

पहिलं अर्धं मिनिट

यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली एक आलेख मिळतो: किती टक्के लोक कुठवर टिकले. त्यात तिसाव्या सेकंदाचा आकडा वेगळा दाखवतात. आपल्या भाषणांचा आलेख बहुतेक वेळा तिथेच कोसळतो, कारण तिसाव्या सेकंदाला वक्ता अजून ‘व्यासपीठावर उपस्थित मान्यवर’ यांच्यातल्या तिसऱ्या मान्यवरापर्यंत पोचलेला असतो.

मान्यवरांना वगळा असं कोणी म्हणत नाही. हॉलमध्ये ती रीत आहे आणि पाळावीच. तिची जागा बदला. आभार आणि नावं सूत्रसंचालकाकडे द्या. वक्ता माइकपाशी येईल, टाळ्या पूर्ण थांबू देईल, तीन सेकंद गप्प उभा राहील आणि पहिलं वाक्य थेट विषयातलं बोलेल. ती तीन सेकंदांची शांतता एडिटरला कापायला हवी असते. टाळ्यांवरच बोलायला सुरुवात केली तर स्वच्छ कट मिळत नाही, मग पहिला शब्द अर्धा तुटतो किंवा मागच्या निवेदनाची शेपटी आत येते. ‘मी काही वक्ता नाही’, ‘मला फार कमी वेळ मिळाला’, ‘माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे’ ही तिन्ही वाक्यं संहितेतून खोडायचं काम प्रशिक्षकाचं.

आवाज: कोटेशनमधली सर्वांत छोटी आणि सर्वांत महत्त्वाची ओळ

नेतृत्वावर लिहिणारे-बोलणारे सायमन सिनेक यांचं २००९ चं टेडएक्स प्युजेट साउंडचं भाषण काढून बघा. चित्रफीत साधीच, हातात माइक, आणि फ्लिपचार्टवर मार्करने काढलेली तीन वर्तुळं. कोट्यवधी वेळा पाहिलं गेलंय, कारण शब्दन् शब्द कळतो. आता उलटं करून बघा: चकाचक ४के चित्र आणि डबक्यातून आल्यासारखा घुमणारा आवाज. लोकलमध्ये, स्वस्त इअरफोनवर, ते मिनिटभरही कोणी ऐकत नाही.

पॅकेजमध्ये ‘कॉलर माइक’ लिहिलेलं असतं तो बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा छोटा चौकोनी वायरलेस असतो. ब्लॉगरसाठी वस्तू उत्तम, पण भरलेल्या हॉलमध्ये तिच्या दोन अडचणी. एक, त्याच पट्ट्यात प्रेक्षकांच्या फोनची वायफाय आणि ब्लूटूथची गर्दी. दुसरी, माणसाचं शरीर या रेडिओलहरी शोषून घेतं. रिकाम्या हॉलमधल्या चाचणीत खणखणीत वाटलेला सिग्नल तीनशे माणसं बसल्यावर तुटायला लागतो. बॉक्सवर २०० किंवा २५० मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानात, मध्ये काही आडवं नसताना. रिसीव्हर मागच्या कॅमेऱ्यावर लावण्याऐवजी स्टेजजवळ, वक्ता दिसेल अशा जागी, डोक्यांच्या वर ठेवायला सांगा. त्याहून बरं म्हणजे यूएचएफ पट्ट्यातला (वायफायच्या गर्दीपासून दूर, खालच्या फ्रिक्वेन्सीचा) सेट मागा. आणि छोटाच वापरायचा तर ट्रान्समीटरमध्ये स्वतःचं रेकॉर्डिंग असलेलं मॉडेल आणि ते चालू केल्याची खात्री, दोन्ही हवं. हवेतला सिग्नल तुटला तरी ती फाइल अखंड राहते.

माइक लावायची जागा हनुवटीपासून साधारण एक वीत खाली, छातीच्या मधोमध. शर्टाला सोपं आहे. साडीला नाही. पदर खांद्यावर पिन केलेला असतो, तिथेच माइक अडकवला जातो, आणि वक्त्याने दुसरीकडे मान वळवली की आवाज अर्धा होतो. मधोमध लावला तर मंगळसूत्र किंवा लांब हार दर पावलाला माइकवर टकटक करतो, आणि ती टकटक एडिटमध्ये पूर्ण निघत नाही. सिल्क आणि कडक खादी सळसळतात. यावर उपाय हेडसेट माइकचा: गालावरून येणारी बारीक दांडी, टोक तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं मागे. अगदी तोंडासमोर आणला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फुस्स होतं. दिसायला थोडा डोळ्यांत येतो म्हणून लोक नको म्हणतात. आमचं मत स्पष्ट आहे: बायकांसाठी, कुर्त्यासाठी आणि खूप फिरणाऱ्या वक्त्यासाठी हेडसेटच.

दुसरी वाट हॉलच्या साउंडवाल्यामार्फत. मिक्सरमधून ऑक्स आउट (आवाज बाहेर काढायची वेगळी जोडणी) घेऊन वेगळ्या रेकॉर्डरमध्ये टाकायचा. इथे नेहमीचा घोटाळा म्हणजे लाइन लेव्हलचा जोरदार सिग्नल कॅमेऱ्याच्या माइक इनपुटमध्ये खुपसतात. सुरुवातीची चाचणी हळू आवाजात झालेली असते म्हणून कळत नाही. वक्ता रंगात आला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. रेकॉर्डरवर नेहमीच्या बोलण्याची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायला सांगा, म्हणजे जोराच्या वाक्याला जागा उरते. चाचणी वक्त्याकडूनच, त्याच्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या वाक्यावर घ्यायची. ‘हॅलो, चेक, वन टू’वर नाही.

आणि जे जवळजवळ कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं ते: प्रेक्षकांचे माइक. मिक्सरमधून फक्त वक्ता येतो. हॉलमध्ये पिकलेला हशा रेकॉर्डिंगमध्ये पोचतच नाही, मग व्हिडिओत वक्ता विनोद करतो, थांबतो आणि समोर स्मशानशांतता. बघणाऱ्याला वाटतं, विनोद पडला. स्टेजच्या दोन्ही टोकांना प्रेक्षकांकडे तोंड करून दोन साधे माइक ठेवले, वेगळ्या ट्रॅकवर घेतले आणि हशा-टाळ्यांच्या वेळी तेवढेच वर काढले की भाषणात जीव येतो. खर्च किरकोळ, फरक प्रचंड.

मुंबईचे म्हणून काही आवाज वेगळे मोजावे लागतात. रुळांजवळच्या सभागृहात दर दोन-तीन मिनिटांनी गाडी. पावसाळ्यात पत्र्याचं छत असेल तर संध्याकाळचा कार्यक्रम रेकॉर्डिंगसाठी धरूच नका. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत ढोलपथकांचा सराव कुठे चालतो ते विचारून तारीख घ्या. जुन्या हॉलचा एसी ब्लोअर आणि पंखे एक संथ घुंई लावून ठेवतात. भाषणाआधी तीस सेकंद सगळे गप्प असताना ती नुसती घुंई रेकॉर्ड करून ठेवली तर एडिटमध्ये ती काढायला नमुना मिळतो. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाच्या नियमांचा धाक असतोच, त्यामुळे शेवटचा वक्ता सव्वानऊला उभा राहिला की साउंडवाल्याचं लक्ष घड्याळावर असतं.

कॅमेरे, दिवे, भिंत

तीनपैकी तिसरा कॅमेरा बहुधा क्रेनवर किंवा गिंबलवर (चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावर) असतो आणि लग्नातल्यासारखा फिरत राहतो. बघणाऱ्याचं लक्ष त्यामुळे वक्त्यावरून उडतं. फोनवर बघणाऱ्याला चेहरा हवा. एक कॅमेरा छातीपासून वर, ऑपरेटरसह; दुसरा पूर्ण स्टेज दाखवणारा, ट्रायपॉडवर घट्ट बांधलेला. दुसरा ४के असेल तर एचडी एडिटमध्ये त्यातूनच तिसरी चौकट कापता येते.

विचारायच्या गोष्टी तीन. शटर १/५० सेकंद आणि सेकंदाला २५ फ्रेम आहेत ना? आपली वीज ५० हर्ट्झची. शटर भलतं असेल तर दिव्यांचे पट्टे चित्रात सरकताना दिसतात. कॅमेरा अर्ध्या तासाला थांबतो का? जुन्या मॉडेलमध्ये २९ मिनिटं ५९ सेकंदांना रेकॉर्डिंग आपोआप बंद व्हायचं, आणि ४केमध्ये गरम होऊन बंद पडणारे अजूनही आहेत. कार्ड किती मोठं? सेकंदाला १०० मेगाबिटने (एमबीपीएस) ४के शूट केलं तर तासाला सुमारे ४५ जीबी लागतात, ६४ जीबीचं कार्ड जेमतेम ऐंशी मिनिटं पुरतं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविक हौसेने शूट करून कार्ड भरतं आणि भाषणाच्या ऐन मध्यात बदलावं लागतं. भाषणाआधी नवं कार्ड, नवी बॅटरी, हे लेखी घ्या.

दिव्यांचं थोडक्यात: नाट्यगृहाचे रंगीत ‘पार’ दिवे बंद, समोरून तिरका पांढरा उजेड दोन बाजूंनी, आणि वक्त्याला उभं राहायची जागा टेपने आखलेली. निळ्या उजेडात सगळेच आजारी दिसतात.

एलईडी वॉल घेऊ नका. ती वक्त्यापेक्षा उजळ असते, कॅमेरा तिच्यासाठी उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. वर चित्रात लाटांसारखी जाळी उमटते. तिच्या भाड्यात प्रेक्षक-माइक, यूएचएफ सेट आणि हेडसेट हे सगळं बसतं.

स्लाइड लागणारच असतील तर मराठीचा एक खास सापळा आहे. वक्त्याने घरी जुन्या लिपी-सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये स्लाइड केलेली असते; हॉलच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसतो आणि ‘पाणी’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उमटते. युनिकोडमध्ये टाइप केलं तरी फॉन्ट बदलला की ओळ तुटते, वरच्या वेलांट्या कापल्या जातात. उपाय एकच: पीडीएफ करून आणा आणि ती हॉलच्या मशीनवर आदल्या दिवशी उघडून बघा. एका स्लाइडवर सात-आठ शब्दांपेक्षा जास्त नको. देवनागरीला वर-खाली मात्रा-उकारांची जागा लागते, त्यामुळे ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सैल ठेवावं लागतं.

वेळेसाठी वक्त्याच्या पायाशी उलटी मोजणी दाखवणारा टॅब ठेवा. मधेच चिठ्ठी आणून देणारा कार्यकर्ता वाइड कॅमेऱ्यात येतो आणि वक्त्याची साखळी तुटते.

आणि हॉल छोटा घ्या. मोठ्या नाट्यगृहात दोनशे माणसं विखरून बसली तर हशा पसरत नाही. तीच माणसं मिनी थिएटरमध्ये खांद्याला खांदा लावून बसली की पहिल्या विनोदाला हॉल उठतो. मोठा हॉल आधीच घेतला असेल तर बाल्कनी बंद ठेवा आणि मागच्या रांगांना दोरी लावा.

एडिट आणि पुढचं

लग्नवाल्या एडिटरला काय करू नये हे आधी सांगावं लागतं. स्लो मोशन नको, पानं उलटल्यासारखे इफेक्ट नकोत, वक्त्याच्या बोलण्याखाली बासरी नको. सिनेमाचं गाणं तर मुळीच नको. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते, हक्काचा दावा येतो आणि व्हिडिओची कमाई मालकाकडे जाते किंवा व्हिडिओच अडतो. संस्थेचा फिरता लोगो सुरुवातीला वीस सेकंद चालवू नका; तो शेवटी लावा. व्हिडिओ उघडताच वक्त्याचं पहिलं वाक्य यावं, नावाची पट्टी दहाव्या सेकंदाच्या आसपास.

आवाजाची एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) जवळ मागा. यूट्यूब त्याहून मोठा आवाज खाली आणतं, पण हळू असलेला वर नेत नाही. त्यामुळे हळू मिक्स केलेलं भाषण फोनच्या स्पीकरवर दबलेलंच राहतं, आणि पुढच्याच व्हिडिओची जाहिरात कानात ओरडते.

सबटायटल्स हाताने तपासलेली हवीत, वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये (वेळांसह सबटायटल्सचा मजकूर असलेली फाइल). एका वेळी दोन ओळी, ओळीत ३५-४० अक्षरं, आणि ओळ शब्दगटावर तोडलेली. ‘च्या’ आणि ‘मुळे’ पुढच्या ओळीत लोंबकळता कामा नयेत. ऑफिसात, गाडीत, झोपलेल्या मुलाशेजारी भाषण बघणारा माणूस आवाज बंदच ठेवतो.

शीर्षकावर आपण सर्वांत कमी वेळ घालवतो. ‘कै. अमुक स्मृती व्याख्यानमाला, वर्ष तेविसावे, पुष्प तिसरे’ हे निमंत्रणपत्रिकेसाठी छान आहे. फोनच्या यादीत शीर्षकाचा पुढचा भाग कापलाच जातो, आणि दिसणाऱ्या भागात विषयाचा पत्ता नसेल तर कोणी कशाला दाबेल? आधी प्रश्न किंवा दावा, मग वक्त्याचं नाव. व्याख्यानमालेचं नाव खालच्या वर्णनात. थंबनेल (यादीत दिसणारं व्हिडिओचं छोटं चित्र) १२८० बाय ७२०, चेहरा मोठा, शब्द चारच्या आत. आणि शीर्षकात जे म्हटलंय ते पहिल्या दोन मिनिटांत भाषणात आलंच पाहिजे, नाहीतर लोक चिडून बंद करतात.

पाच रील्सचं आमिष तपासून घ्या. बऱ्याचदा एडिटर भाषण न ऐकता दर तीन मिनिटांनी एक तुकडा कापतो. तुकडा असा हवा की ज्याने बाकीचं ऐकलेलं नाही त्यालाही कळावा: ‘म्हणून मी म्हणालो की’ने सुरू होणारा चालत नाही. कोणते तुकडे कापायचे हे संहितेवरच खूण करून द्या. यूट्यूब शॉर्ट्सला ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे, पण व्हॉट्सअॅपवर फिरायला मिनिटाच्या आतलाच बरा. दोन चांगले तुकडे घ्या आणि उरलेल्या तीनचे पैसे सबटायटल्सकडे वळवा. व्हॉट्सअॅपवर पूर्ण व्हिडिओची फाइल पाठवू नका. ती चिरडून जाते आणि बघणारे मोजलेही जात नाहीत. लिंक पाठवा, सोबत एक वाक्य: तेच, ऐकणारा घरी जाऊन सांगेल ते.

करारात न लिहिल्यामुळे अडणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, पण अडतात तेव्हा पूर्ण अडतात. व्हिडिओ तुमच्या चॅनेलवर चढणार की त्यांच्या? त्यांच्या चॅनेलवर चढला तर बघणारे त्यांचे, टिप्पण्या त्यांच्या, आणि उद्या त्यांनी काढला तर भाषण गेलं. वक्त्याची प्रसारणाला लेखी संमती कार्यक्रमाच्या आधी घ्या. नंतर वक्ता ‘ते एक वाक्य काढा’ म्हणतो आणि तुमच्याकडे कागद नसतो. दुरुस्तीच्या किती फेऱ्या फुकट, हे ठरवून घ्या. कच्चं फुटेज आणि आवाजाचे वेगवेगळे ट्रॅक हार्ड डिस्कवर मिळणार का? बहुतेक जण ‘देतो की’ म्हणतात आणि महिन्याभरात कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसतात. शेवटच्या हप्त्याची रक्कम डिस्क हातात आल्यावरच द्या, आणि पैसे देण्याआधी प्रेक्षक-माइकचा ट्रॅक उघडून हशा ऐकू येतोय ना ते बघा.